बोकडाशी ओळख

बोकडाला भेटायला जायचं म्हणून अर्ध्या दिवसाची रजा मागणारा आमच्या पाणीपुरवठा कचेरीतला मी पहिलाच हेडक्लार्क असेन. अर्जात अर्थातच तसं लिहिलं नव्हतं. ‘कौटुंबिक भेट’ एवढंच लिहिलं होतं. पण आमचे साहेब अर्ज वाचत नाहीत, अर्जदार वाचतात. आपल्या पांढऱ्या टोकदार दाढीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, “कोणाची भेट?”

“आहेत एक पाहुणे,” मी म्हणालो.

“वा वा! म्हणजे मुलीचं जमतंय! जाऊन या. आणि त्यांना माझा नमस्कार सांगा हं.”

साहेब असे फार गोड. बंद मीटरचं भरमसाट बिल आलेला माणूस तणतणत येतो, त्याला ते केबिनमध्ये बसवतात, पाणी पाजतात, मुलाबाळांची चौकशी करतात आणि खांद्यावर हात ठेवून माझ्या टेबलापर्यंत सोडायला येतात. पुढचा सगळा राग माझ्या वाट्याला. तर साहेबांचा नमस्कार मी पाहुण्यांना सांगितला. पाहुण्यांनी माझ्या शर्टाचं खालचं बटण खाल्लं. पण ते पुढे.

मुलीचं जमत होतं हे खरं. म्हणजे तिचं तिनेच जमवलं होतं. मुलगा दातांच्या कवळ्या बनवणारा, शांत, हाताला वळण असलेला. बोलण्याआधी समोरच्याच्या दातांकडे बघतो, पण तो धंद्याचा दोष. अडचण होती त्याच्या आईची. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण फक्त शाळेतून. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं, आणि ताटात एक शीतही टाकायचं नाही या नियमावर सगळा संसार ओढला. मुलाने आमच्या मुलीला स्वच्छ सांगितलं होतं, “आईचं मन मोडून मी काही करणार नाही.” आणि आईने याआधी एका घराला नकार दिलेला होता. मुलगी चांगली, माणसं चांगली, पण मुलीच्या वडिलांनी ताटात मूठभर भात तसाच ठेवून हात धुतले. बाईंनी ते ताट पाहिलं. पर्स उचलली आणि घरी आल्या.

“बाबा,” आमची कन्या म्हणाली, “त्यांना एकदा तुम्हा दोघांना भेटायचंय. त्या हो म्हणाल्या की झालं, नाही म्हणाल्या की संपलं. तेव्हा तुम्ही एकच करा. काही करू नका.”

काही न करणं किती अवघड असतं हे आमच्या खात्यात काम न केलेल्या माणसाला कळायचं नाही. त्याला अनुभव लागतो. तो माझ्याकडे होता, तरी माझा तोल गेला, आणि त्याला कारण आमच्या वरच्या मजल्यावरचे मार्गदर्शक.

मार्गदर्शक हे निवृत्त लेखापरीक्षक. नाव काहीतरी निराळं आहे, पण सगळी इमारत त्यांना मार्गदर्शकच म्हणते. त्यांच्या सल्ल्याने एकाने न्हाणीघराची फरशी बदलली तेव्हापासून तो माणूस भावाकडे आंघोळीला जातो. तरी लोक सल्ला विचारतातच. मी तर विचारलाही नव्हता. जिन्यात भेट झाली आणि त्यांनी माझं तोंड बघून ओळखलं.

“बाईंना वाया घालवलेलं खपत नाही ना? मग जिथे काहीच वाया जात नाही अशा ठिकाणी न्या! गावाबाहेर एक हॉटेल निघालंय. त्यांचं स्वतःचं शेत आहे. शेतातून थेट ताटात. अख्खं जनावर रांधतात. नखशिखांत! काही म्हणून फेकत नाहीत. बाई जागच्या जागी हो म्हणतील.”

आम्ही रविवारचे मांसाहारी. मटण पिशवीतून येतं, आणि ते मूळचं कोणाचं हा प्रश्न आम्ही पिशवीला कधी विचारलेला नाही. पण मार्गदर्शकांचा मुद्दा मला बिनतोड वाटला. बायको म्हणाली, “घरी बोलवा. मी साधंच काहीतरी करते.” मी म्हणालो, “आणि आपल्याच घरी आपल्याच ताटात उरलं तर?” यावर ती गप्प बसली. ती गप्प बसली की माझं म्हणणं पटलं असं मी समजतो. आजवर एकदाही तसं निघालेलं नाही.

हॉटेलात फोन केला. पलीकडे एक मृदू आवाजाच्या बाई होत्या. आता माझी एक खोड सांगायला हवी. कचेरीत दिवसभर तक्रारींचे फोन घेऊन माझ्या जिभेला वळण पडलंय. पलीकडचा काय म्हणतो ते ऐकायचंच नाही, मधून मधून “हो, हो, बघतो” म्हणत राहायचं. यावर माझी अख्खी नोकरी झाली. त्या बाई म्हणाल्या, “पूर्ण टेबल घेताय ना?” मी म्हटलं हो. “म्हणजे पूर्ण प्राणी तुमचा.” हो, हो. “बोकड चालेल?” हो. “एका बोकडाला आठ माणसं लागतात.” बघतो. “वाढलेलं परत जात नाही, बांधूनही देत नाही. टेबलावरच संपवायचं.” हो, हो. “आणि आधी एक दिवस शेतावर येऊन त्याला भेटायचं. अनोळखी जनावर आमच्याकडे कोणी खात नाही.” हो, बघतो.

फोन ठेवला आणि मग ते सगळं एकेक करून कानातून आत उतरलं. मी पुन्हा फोन लावला. बाई अत्यंत मृदू आवाजात म्हणाल्या, “तुमचा बोकड आता नोंदला गेलाय.”

आम्ही तर पाचच होतो. आम्ही दोघं, कन्या, मुलगा, मुख्याध्यापिका. मार्गदर्शक लगेच मदतीला धावले. ते, त्यांची पत्नी आणि त्यांचा मेहुणा. “मेहुणा एकटा तिघांचं जेवतो,” ते म्हणाले. “तुम्ही नुसते बसा. बोकड तो बघेल.” मला धीर आला. बायको म्हणाली, “मुलीला बघायला येतायत की बोकडाला?”

तर भेट. रस्ता जिथे संपतो तिथे बसमधून उतरून आम्ही शेतावर पोचलो. गमबूट घातलेल्या एका बाईने आम्हाला झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि एका बोकडाला मोकळं सोडलं. काळाभोर, आणि हनुवटीखाली पांढरी टोकदार दाढी. तो घाईघाईने आला नाही. आधी थांबला, आम्हा दोघांना नीट वाचलं, मग सावकाश येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला. इतक्या आपुलकीने माझ्याकडे घरातल्यासुद्धा कोणी कित्येक वर्षांत पाहिलेलं नव्हतं. बायकोने पर्समधून बिस्किटं काढली. त्याने ती तिच्या तळव्यावरून अलगद, ओठाने उचलली. मग माझं बटण खाल्लं, पण तेही सभ्यपणाने.

“याला काय म्हणणार?” गमबूटवाल्या बाईने विचारलं. “नाव पाहुण्यांनी ठेवायचं असतं.”

“साहेब,” माझ्या तोंडून निघून गेलं. बाईने ते पाटीवर खडूने लिहिलं आणि आमचा फोटो काढला. मी, बायको आणि गुडघ्यावर साहेब.

परतताना बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. गाव दिसायला लागल्यावर म्हणाली, “तुम्ही त्याला खाणार?”

“आपण,” मी म्हणालो.

“मी नाही.”

“मग ताटात उरेल. आणि ताटात उरलं तर पोरीचं लग्न मोडेल.”

त्यावर ती रडायला लागली. ती मुलीसाठी रडते आहे की साहेबांसाठी हे विचारण्याची माझी छाती झाली नाही, कारण माझ्याही घशात काहीतरी अडकलं होतं. बटण तर साहेबांनी खाल्लं होतं.

जेवणाच्या दिवशी संध्याकाळी मी लग्नात घालायचा कोट चढवला आणि मार्गदर्शकांची बेल वाजवली. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“जरा घोटाळा झालाय. मेहुण्याला मी बोलता बोलता बोकडाचं नाव सांगितलं. तो म्हणतो, ज्याला नाव आहे त्याला मी खात नाही.”

“आणि तुम्ही?”

“आमचं दोघांचं पोट सकाळपासून ठीक नाही. सगळं चांगलं होईल, तुम्ही काळजी करू नका. फक्त बाईंच्या समोर बसू नका, बाजूला बसा.” आणि दार लागलं. आत ताटं वाजत होती. बिघडलेल्या पोटांचं जेवण चाललं असावं.

आठांचा बोकड आता पाचांवर आला होता. मुख्याध्यापिकांना घ्यायला भाड्याची गाडी केली होती. बाई खाली उभ्याच होत्या. किडकिडीत, ताठ, कपड्यांना कडक इस्त्री आणि खांद्याला मोठी काळी पर्स. गाडीत सगळे गप्प. मला शांतता सोसत नाही. काही करू नका, असं कन्येने सांगितलं होतं, पण काही बोलू नका असं तिने म्हटलेलं नव्हतं. मग मी बोललो. कसा तो थांबून बघतो, कशी गुडघ्यावर हनुवटी ठेवतो, बिस्किट कसं ओठाने उचलतो.

“कोण?” बाईंनी विचारलं.

“साहेब.”

“तुमचे वरिष्ठ?”

“नाही, नाही. आज जेवायला आहे तो बोकड.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एखाद्या मुलाने वर्गात सगळ्यांदेखत शिवी द्यावी तसं पाहिलं. मग तोंड खिडकीकडे वळवलं. आरशातून मला कन्येचा चेहरा दिसत होता. तो मी पुन्हा पाहिला नाही.

हॉटेल म्हणजे एक लांबलचक खोली. जाड लाकडाचं टेबल, काचेच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, तिथे छताला टांगलेले आकडे. आणि टेबलाच्या मधोमध, जिथे एरवी फुलं असतात, तिथे फ्रेममध्ये आमचा फोटो. मी, बायको आणि साहेब. बायकोने “अगं बाई!” म्हणून खुर्चीचा हात धरला.

मुख्य आचारी बाहेर आला. दंड माझ्या मांडीएवढे आणि आवाज कीर्तनकाराचा. “आज साहेब आपल्यात आहेत,” तो म्हणाला.

मला एकदम कचेरीतले आठवले. मी अर्धवट उठलोसुद्धा.

“साहेब शांत होते. छत्रीला तेवढे घाबरायचे. सकाळी उठले की आधी सगळ्यांकडे एक चक्कर मारायचे. त्यांच्यातलं काहीही इथे वाया जाणार नाही. आम्ही बांधून देत नाही, कारण बांधून नेलेलं फ्रीजमध्ये मागे सरकतं आणि शेवटी कचऱ्यात जातं. त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं, त्यांना कचऱ्यात टाकायचं?”

“बरोबर आहे,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या हॉटेलात त्या पहिल्यांदाच काही बोलल्या, आणि तेवढ्याने मला हादरवून गेल्या. शेवटची पळवाटही बंद झाली.

आधी पायांचा रस्सा आला. तो प्यायचा असल्यामुळे डोळे मिटून गेला. मग जिभेचे काप आले. “ही साहेबांची जीभ,” आचारी म्हणाला. ज्या जिभेने बिस्किट उचललं ती माझ्या ताटात. मी एक तुकडा तोंडात घातला. तो मऊ होता, चवीला चांगला होता, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं. मी आणि साहेब एकमेकांच्या जिभेची चव घेतोय असं काहीतरी मनात आलं आणि घास आत जाईना, बाहेर येईना. बाजूला बायकोने ताटाकडे न बघण्याची युक्ती काढली होती, पण मग समोर फोटो होता.

कन्या मात्र आमच्यापेक्षा हुशार निघाली. ती आपल्या वाटचे तुकडे हळूच मुलाच्या ताटात सरकवत होती आणि तो बिचारा एकेक दाढ मोजून चावत होता. प्रेम म्हणतात ते हेच असेल तर मी कधी केलेलं नाही.

मग कलेजी आली, मग भरलेली आतडी. आता आठांचं पाचांत वाढत होते आणि ताट रिकामं व्हायच्या आत भरत होतं. आतड्यांपाशी मला आचाऱ्याची एक सवय ध्यानात आली. वाढून झालं की तो हात जोडून, डोळे मिटून साहेबांची आठवण काढायचा. चांगला बराच वेळ काढायचा. आणि आमच्या बायकोची एक सवय मला लग्नापासून ठाऊक आहे. ती सात समुद्रांपलीकडे निघाली तरी तिच्या पर्समध्ये एक रिकामी प्लास्टिकची पिशवी घडी घालून असते. लागतेच म्हणे. आयुष्यभर मी त्या पिशवीला हसत आलो. त्या दिवशी मी टेबलाखालून हात पुढे केला आणि तिने न बोलता ती माझ्या हातात ठेवली.

आचाऱ्याने डोळे मिटले की माझं ताट पिशवीत, पिशवी कोटाच्या खिशात. त्याने उघडले की मी तोंड पुसतोय. पुढे मेंदू आला, भाजलेल्या पावावर पसरलेला. “साहेब फार विचारी होते,” आचारी म्हणाला आणि डोळे मिटले. पाव, मेंदू, पिशवी. मूत्रपिंडं, पिशवी. शेपटी, पिशवी. कोटाची शिवण खाली ओढली जायला लागली होती. माझी नजर मुख्याध्यापिकांच्या ताटावर होती. ते दर वेळी लख्ख असायचं. एक थेंबसुद्धा नाही. बाईंबद्दल मला दहशतच वाटायला लागली. हाडांचं काय करतात या? त्यांचा चेहरा तेवढा पांढरा पडत चालला होता.

आणि मग मस्तक आलं. जीभ आणि मेंदू सोडून अख्खं. आचाऱ्याने ते बरोबर माझ्या पुढ्यात ठेवलं आणि सुरी माझ्या हातात दिली. “मस्तकाचा मान यजमानांचा.”

मी त्या मस्तकाकडे पाहिलं. कातडी नव्हती, दाढी नव्हती, तरी कोणीतरी माझा अर्ज वाचत असल्यासारखं वाटत होतं. सुरी हातातून निसटली आणि टेबलाखाली गेली. मी ती घ्यायला वाकलो. आणि तिथे, टेबलाखालच्या अंधारात, जे दिसलं त्याने मी सुरी विसरलो.

मुख्याध्यापिकांच्या मांडीवर स्टीलचा डबा उघडा होता. शाळेत न्यायचा, गोल, काठाला चेपलेला. त्यात जीभ होती, कलेजी होती, आतडी होती, मेंदू पावासकट होता. बाईंची बोटं तो घाईघाईने दाबून बसवत होती. मी वर बघितलं, बाईंनी टेबलाच्या कडेवरून खाली बघितलं. आमची नजरानजर झाली. डब्याचं झाकण ‘टक्’ करून लागलं.

“सापडली का?” बाईंनी विचारलं. आवाज एकदम मुख्याध्यापिकेचा.

“सापडली.”

“मग वर या.”

मी वर आलो. माझा कोट खुर्चीच्या हाताला घासला आणि पिशवी चरचरली. बाईंनी ते ऐकलं. त्यांनी माझ्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं, मग आचाऱ्याकडे, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “अहो आचारी, साहेबांचा शेवटचा दिवस कसा गेला, ते जरा आठवून सांगता का?”

आचाऱ्याला गहिवरून आलं. त्याने मस्तकाचे भाग आमच्या ताटांत वाढले आणि आठवायला म्हणून डोळे मिटले. टेबलाखाली डबा आणि पिशवी दोन्ही उघडली. बायकोचं ताट मी रिकामं केलं. बाईंचा डबा भरला तेव्हा त्यांनी उरलेलं माझ्या पिशवीत टाकलं, अगदी हक्काने, घरच्यासारखं. आचाऱ्याने डोळे उघडले तेव्हा टेबलावर पाच लख्ख ताटं होती.

“इतकी स्वच्छ ताटं,” तो म्हणाला आणि त्याने काचेवर टकटक केली. स्वयंपाकघरातून सगळी माणसं बाहेर आली. आम्ही टाळ्यांच्या गजरात बाहेर पडलो. माझ्या कोटाखालून काहीतरी ठिबकत होतं.

गाडी लांब उभी होती. आम्ही फाटकाबाहेर आलो आणि कुठून तरी एक पिवळा कुत्रा आला. मग दुसरा. मग त्या रस्त्यावरचे सगळेच. मी चाललो की चालायचे, थांबलो की बसायचे. “बाबा,” कन्या थांबून म्हणाली, “खिशात काय आहे? तुम्ही पुन्हा काहीतरी केलंत ना?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळं लग्न त्या खिशात मोडून पडलंय असं मलाही दिसलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात पिवळा कुत्रा मला सोडून पुढे गेला आणि मुख्याध्यापिकांच्या पर्सला नाक लावून बसला. बाईंनी पर्स डोक्यावर धरली. सगळे कुत्रे त्यांच्याभोवती गोळा झाले.

“आई?” मुलगा म्हणाला. त्याच्या घशात अजून एक घास होता.

बाईंनी पर्स खाली घेतली. मग रस्त्याकडेच्या कठड्यावर बसल्या, पर्स उघडली, डबा काढला आणि झाकण उघडलं.

“रांगेत या,” त्या कुत्र्यांना म्हणाल्या.

आणि खोटं वाटेल, पण ते रांगेत आले. बाईंनी एकेकाला वाढलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमच्याही खिशातलं काढा.” मी पिशवी पुढे केली. ती रिकामी झाली. पिवळ्याने डबा चाटून आरशासारखा केला. बाईंनी तो वर धरून आतून तपासला.

“काही वाया गेलं नाही,” त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम बारीक झाला. “मी जन्मात ताटात टाकलं नव्हतं हो. पण तुम्ही गाडीत ते हनुवटीचं सांगितलंत आणि मला गिळवेना. एवढं कशाला सांगितलंत?”

“माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“झालीच.” त्यांनी डोळे पुसले आणि बायकोकडे वळल्या. “तारीख तुम्ही काढा. जेवण साधं ठेवा. भाज्या ठेवा.”

आमच्या कन्येने मला मिठी मारली. कोटाचा वास आल्यावर सोडली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण जे खाता येत नाही ते हॉटेलवाले घरपोच करतात, हेही मी फोनवर “हो, हो” म्हणून कबूल केलेलं होतं. काही दिवसांनी एक गाठोडं आलं. शिंगं, खुरं आणि कमावलेलं कातडं. ते ओलसर होतं, म्हणून गच्चीवर वाळत घालावं म्हटलं, तर इमारतीच्या सेक्रेटरींनी अडवलं. गच्चीवर कपडे आणि पापड एवढ्यालाच मंजुरी आहे, बोकडासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. मार्गदर्शक म्हणाले, कपडे म्हणून अर्ज करा, अंगावरचंच आहे. हा सगळा वाद जिन्यात चालला असताना बायकोने कातडं उलगडून कठड्यावर टाकलं आणि किंचाळली.

“अहो, हे साहेब नाहीत!”

कातडं पांढरं होतं. त्यावर तपकिरी ठिपके. काळा केस औषधालासुद्धा नाही.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी पुन्हा नमस्कार सांगायला सांगितलं. शेतावर पोचलो तेव्हा झाडाखालच्या बाकावर एक दुसरंच कुटुंब बसलेलं होतं, आणि त्यातल्या गृहस्थांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून काळाभोर, पांढऱ्या दाढीचा साहेब उभा होता. गृहस्थांचे डोळे भरून आले होते. गमबूटवाली बाई खडू घेऊन विचारत होती, “याला काय म्हणणार?”

मी तिला बाजूला घेतलं. “हा... हा जिवंत आहे?”

“हा? हा भेटीचा आहे,” ती म्हणाली. “स्वभाव किती गोड आहे, याला कसा कापणार? बाकीचे टोचतात, अंगावर येतात, पाहुणे घाबरतात. ते मागच्या कुंपणात असतात.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. रोज इतकी माणसं भेटतात, कोणाकोणाला लक्षात ठेवणार?

मी ते कातडं घेऊन बायकोसह विहीणबाईंकडे गेलो. आता त्या विहीणबाई झाल्या होत्या. त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत एक साधी खाट, टेबल, आणि टेबलावर पालथा घातलेला तो डबा. सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कातडं त्यांनी खाटेवर पसरलं आणि पोराची कॉलर सारखी करावी तशी त्याची मानेकडची घडी मोडली.

“म्हणजे आपण ज्याच्यासाठी रडलो तो तिकडे बिस्किटं खातोय.”

“हो.”

“आणि जो आपण कुत्र्यांना घातला, तो हा. याला कोणी भेटायलाही गेलं नाही.”

“नाही.”

“याचं नाव काय?”

“याला नाव नाही,” मी म्हणालो. “हा मागच्या कुंपणातला.”

“माझ्या शाळेत बिननावाचा मुलगा एक दिवसही बसलेला नाही,” विहीणबाई म्हणाल्या. “नाव सांगा.”

बायको माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यांसमोर उद्याची कचेरी आली. केबिनमध्ये साहेब हसून सगळ्यांची चौकशी करतायत, खांद्यावर हात ठेवून एकेकाला बाहेर सोडायला येतायत, आणि बाहेर मागच्या टेबलावर मी.

“हेडक्लार्क,” मी म्हणालो.

विहीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. ताठ बसल्या, पांढऱ्या कातडीवर हात ठेवला आणि हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाल्या, “हेडक्लार्क.”

शेवटी मीच उठून उभा राहिलो.

“हजर,” मी म्हणालो.